पश्चात्तापाचा लवलेश

आज आम्ही एका वाक्यावर बोलणार आहोत. एकाच. वाक्य तुमच्या इतके ओळखीचे आहे की, "आरोपीच्या चेहऱ्यावर" एवढे म्हणून आम्ही थांबलो तरी या सभागृहातले निम्मे लोक उरलेले पूर्ण करतील. "…पश्चात्तापाचा लवलेशही नव्हता." बघा, पुढच्या रांगेतून आवाज आलाच.

खुनाचा खटला असो, बँकेतला घोटाळा असो, नाहीतर दारू पिऊन गाडी घातल्याची बातमी असो, हे वाक्य येतेच. आमचा आक्षेप ते वापरून गुळगुळीत झाले एवढाच असता तर आम्ही तुमचा तासभर घेतला नसता. गुळगुळीत वाक्ये पुष्कळ आहेत. "परिसरात हळहळ व्यक्त होत आहे" हेही तसेच आहे, पण त्याने कुणाचे काही बिघडत नाही. या वाक्याने बिघडते. कारण ते बातमी देत नाही, निकाल देते. आणि तो निकाल माणसाने केलेल्या कृत्यावर नसतो, तो माणूस आतून कसा आहे यावर असतो. बातमीदार कोर्टात पंधरा-वीस फुटांवर बसलेला असतो. तिथून त्याला आरोपीच्या मनाचा तळ दिसला, आणि तो रिकामा होता, असे हे वाक्य सांगते.

हे वाक्य आपल्याकडे आले इंग्रजीतून. तिकडे 'रिमोर्सलेस' असे विशेषण आहे, आणि बातम्यांत 'शोड नो रिमोर्स' हा ठरलेला प्रयोग आहे. तेव्हा आधी त्या विशेषणाकडे बघू.

'रिमोर्स' हा शब्द लॅटिनमधल्या 'रेमोर्देरे' या क्रियापदावरून आला. 'मोर्देरे' म्हणजे चावणे आणि 'रे' म्हणजे पुन्हा. केलेले कृत्य माणसाला पुन्हा चावते, ते रिमोर्स. १३४० साली केंटमधल्या एका भिक्षूने फ्रेंचवरून पापपुण्यावरचा एक ग्रंथ इंग्रजीत केला, त्याचे नावच 'अयेनबाइट ऑफ इनविट'. म्हणजे, अंतःकरणाचा पुन्हा पुन्हा होणारा चावा. लॅटिन शब्दाचे त्याने घरच्या इंग्रजीत शब्दशः भाषांतर केले होते. ते टिकले नाही, रिमोर्स टिकला. आपल्याकडे चावा नाही, टोचणी आहे. मनाला टोचणी लागते, बोच राहते, सल राहतो. त्यांचा दात, आपला काटा. आणि संस्कृतातून आलेला आपला मोठा शब्द तर दात आणि काटा दोन्ही सोडून आगीकडे जातो. पश्चात्ताप म्हणजे नंतरचा ताप. संतांना प्रिय असलेला अनुताप, तोही ताप.

यातला 'नंतर' महत्त्वाचा आहे. शेक्सपिअरच्या काळी रिमोर्स या शब्दात हा 'नंतर' पक्का झालेला नव्हता. तेव्हा त्याचा एक चालता अर्थ दया, कणव असा होता. मॅकबेथ नाटकात लेडी मॅकबेथ अघोर शक्तींना विनवते की, माझ्या मनात रिमोर्सला शिरायची वाट बंद करा. पण हे ती कधी म्हणते? खून व्हायच्या आधी! राजा अजून किल्ल्यात पोचलेलाही नाही. आता तिथे मराठीत 'पश्चात्ताप' घातला तर जे घडलेलेच नाही त्याबद्दलचा पश्चात्ताप होतो. तिथे 'कणव'च हवी, किंवा 'दयामाया'. हॅम्लेट आपल्या काकाला शिव्या घालतो त्यात रिमोर्सलेस हे विशेषण आहे, तिथेही जोर निर्दयपणावर आहे. आगरकरांनी 'विकारविलसित' या नावाने हॅम्लेट मराठीत आणला तो १८८३ साली. म्हणजे या शब्दाशी आपली गाठ पडून आता जवळजवळ दीडशे वर्षे होतील.

निर्दयपणाचा तो जुना अर्थ इंग्रजीत अजून जिवंत आहे. म्हणून इंग्रजीत ऊन रिमोर्सलेस असते, समुद्र असतो, काळ असतो, बुद्धिबळातला प्रतिस्पर्धीसुद्धा असतो. थांबत नाही, सोडत नाही, असा अर्थ. एका भाषांतरित कादंबरीत आम्ही 'पश्चात्तापशून्य सूर्य' वाचला. सूर्याने काय केले होते म्हणून त्याला पश्चात्ताप व्हावा? एप्रिलमध्ये शहापूरहून किन्हवलीला दुपारच्या एस.टी.ने जाऊन बघा, ऊन रणरणते असते, फार तर निष्ठुर असते. पश्चात्तापशून्य ऊन कुणाच्या तोंडी येणार नाही.

तर या एका विशेषणात दोन अर्थ आहेत, निर्दय आणि केल्याचे काही न वाटणारा. आणि शेजारी दुसरा एक शब्द उभा आहे, त्याच्याशी याची रोज गल्लत होते. तो म्हणजे 'अनरिपेन्टन्ट'. रिमोर्सलेस माणसाला चूक चूक म्हणून कळते, पण टोचत नाही. निदान आरोप तसा असतो. अनरिपेन्टन्ट माणूस म्हणतो, तुम्ही जिला चूक म्हणता ती चूकच नाही. त्याला टोचायचे कशाने? १९०८ च्या जुलैत मुंबई हायकोर्टात ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी टिळकांना दोषी ठरवले, तेव्हा टिळकांनी आपण निर्दोष आहोत असेच सांगितले आणि न्यायासनाच्या वरच्या शक्तीकडे बोट दाखवले. न्यायमूर्ती दावरांनी सहा वर्षांची शिक्षा दिली. आजच्या बातमीदाराच्या पट्टीने टिळकांच्या चेहऱ्यावर पश्चात्तापाचा लवलेशही नव्हता. आणि तेच शब्द आज त्याच हायकोर्टात संगमरवरावर कोरलेले आहेत.

लांब कशाला जायचे? मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ ला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी गेले. मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडणारा आझाद दस्ता त्यांचा. सरकारच्या लेखी तो उघड गुन्हा. भाई स्वतः वकील, आपण काय करतो आहोत आणि कायद्यात त्याला काय म्हणतात हे त्यांना नीट ठाऊक होते. दर २ जानेवारीला सिद्धगडावर लोक जातात, तुमच्यातलेही जात असतील. त्यांच्या पश्चात्ताप न होण्याला आपण नमस्कार करायला जातो. तेव्हा पश्चात्ताप नसणे हा काही स्वतःच्या बळावर उभा राहणारा दोष नव्हे. कशाचा पश्चात्ताप नाही, हे आधी विचारावे लागते. वाक्यातला 'लवलेश' हा प्रश्न विचारूच देत नाही.

आता मराठीकडे येतो. इथे आमचे मन जरा जास्त रमते, तेव्हा वेळ लागेल.

'पश्चात्तापशून्य' हा शब्द मराठी नाही असे आम्ही म्हणणार नाही, पण तो कुणाच्या तोंडी नाही. तोंडी काय आहे? निर्ढावलेला. सोकावलेला. सरावलेला. मन मेलेला. आणि आपल्या या भागात बायका म्हणतात, मन निबर झालंय त्याचं. निबर म्हणजे वेलीवर जास्त दिवस राहिलेली काकडी, जून झालेली भेंडी. कोवळी असताना नखाने तुटत होती, आता सुरीलाही दाद देत नाही. या शब्दांत एक गोष्ट सारखी आहे, ती व्याकरणाची आहे पण तेवढ्यावर थांबत नाही. ही सगळी क्रियापदांपासून झालेली विशेषणे आहेत, किंवा 'झालंय'च्या आधाराने उभी आहेत. निर्ढावलेला माणूस आधी निर्ढावलेला नव्हता, मग निर्ढावला. सोकावलेल्याला कुणीतरी सोकावू दिले. म्हातारी मेल्याचे दुःख नाही पण काळ सोकावतो, ही म्हण एवढ्यासाठीच तर आहे. काळाचा स्वभाव वाईट असे ती म्हणत नाही, त्याला एकदा कुणी अडवले नाही म्हणून तो सोकावतो असे म्हणते. म्हणजे मराठी विशेषणाच्या पोटात एक हकिकत असते, आणि त्या हकिकतीत आरोपीखेरीज दुसरी माणसेही असतात.

इंग्रजीतल्या 'लेस'मध्ये ती हकिकत नाही. तिथे फक्त अभाव आहे. जसा मीठ नसलेला पदार्थ, तसा रिमोर्स नसलेला माणूस. कधीपासून, कशाने, याची चौकशी शब्द करत नाही. इंग्रजीवर हा सरसकट आरोप नाही बरं का. त्यांच्याकडे 'कॅलस' आहे, तो लॅटिनमधल्या घट्ट्यासाठीच्या शब्दावरून आलाय. नांगर धरून हाताला पडतो तो घट्टा. आपणही म्हणतोच, मनाला घट्टे पडलेत. घट्टा जन्मतः नसतो, तो पडतो. म्हणजे ही समज दोन्ही भाषांत आहे. आपण उचलताना नेमका ती नसलेला शब्द उचलला.

यावर कुणी म्हणेल, सर, कोडगा आणि निगरगट्ट या शब्दांचं काय? त्यांच्यात कुठे हकिकत आहे? बरोबर आहे. ते दोन्ही थेट शिक्का मारणारे शब्द आहेत, आणि आम्हाला सोयीचे नाहीत म्हणून आम्ही ते लपवणार नाही. मात्र कोडगा हा शब्द कुठे वापरतात बघा. वर्गात, घरात, सासरी. म्हणजे ज्याला रोज बोलणी खावी लागतात त्याच्यासाठी. रोज बोलणी खाणाऱ्याचे कान कधीतरी बंद होतात. पण आई पोराला कोडगा म्हणते तेव्हा ती संध्याकाळी त्याला जेवायलाही वाढते. ती शिवी नात्याच्या आतली आहे. आणि निर्लज्ज तर वेगळीच चीज. लाज लोकांसमोर वाटते, टोचणी एकट्याला लागते. लाज शाबूत असलेली पण टोचणी नसलेली माणसे समाजात भरपूर आहेत, प्रतिष्ठित आहेत.

अजून एक व्याकरणाची गोष्ट सांगतो आणि पुढे जातो. मराठीत पश्चात्ताप होतो. "मला पश्चात्ताप झाला." भूक लागते, ताप येतो, तसा तो माणसाकडे येतो, माणूस त्याचा कर्ता नसतो. 'पश्चात्ताप करणे' हाही प्रयोग आहे, पण त्यात थोडे प्रायश्चित्त आणि थोडा उपदेश मिसळलेला आहे. 'पश्चात्ताप दाखवणे' मात्र आम्हाला आमच्या आईच्या पिढीत कुणाच्या तोंडी ऐकल्याचे आठवत नाही. ज्याला झाला असेल त्याला झाला, दाखवायचा काय? दाखवतात ते नाटक. आता कोर्टाच्या बातम्यांतून हा 'दाखवणे' इतका रुळला आहे की, न दाखवणे म्हणजे नसणे, असे आपण धरूनच चालतो.

इथे आमची एक गोष्ट सांगणे भाग आहे. ही पुष्कळ वर्षांपूर्वीची, आम्ही मुरबाडकडे शिकवत होतो तेव्हाची. महाविद्यालयाचे नाव सांगण्याचे कारण नाही. सहामाही परीक्षेत पर्यवेक्षण करताना एका मुलाच्या बाकाखाली चिठ्ठी सापडली. ठाकूरवाडीतला मुलगा, घाटाखालच्या. आम्ही त्याला उभा केला, सगळ्या वर्गासमोर विचारलं, ही चिठ्ठी कुणाची? तो हसला. आम्ही पुन्हा विचारलं, आवाज चढवून. तो परत हसला, खाली बघून. आमच्या पायाची आग मस्तकात गेली. "हसतोयस वर?" मग अहवालाच्या कागदावर आम्ही इंग्रजीत लिहिलं की, विद्यार्थ्याने कोणताही रिमोर्स दाखवला नाही. आमच्या इंग्रजीचा आम्हाला तेव्हा अभिमान होता. त्या शेऱ्याने त्याचं प्रकरण साध्या ताकिदीवर मिटलं नाही. दिवाळीनंतर तो कॉलेजात आला नाही.

आदिवासी पाड्यांत काम केलेल्या एका शिक्षकाने आम्हाला पुढे सांगितले, आणि आम्ही स्वतःही नंतर अनेकदा पाहिले, की त्या भागातली पोरं खजील झाली की हसतात. मोठ्या माणसाने चारचौघांत दरडावले, तोंडातून शब्द फुटेना, की हसू फुटते. आपल्यातलेही अनेक जण तसे हसतात, फक्त आपल्याला ते माफ असते. चिठ्ठी त्याची होती की नव्हती, हे आम्हाला आजही ठाऊक नाही. त्याच्या मनात काय होते हेही नाही. आम्हाला दिसले होते ते फक्त हसू, आणि आम्ही लिहिला तो रिमोर्स. आता हे सांगताना 'आम्ही' म्हणणे आम्हाला फार सोयीचे जाते आहे, हे आम्हाला कळते. सवय आहे, तुम्ही सांभाळून घ्या. लिहिणारा हात एकच होता.

वर्गात जे झाले ते कोर्टात झाले तर काय होते ते आता पाहू.

आपल्या कायद्यात दोष सिद्ध झाल्यावर शिक्षेबाबत आरोपीचे म्हणणे वेगळे ऐकायचे असते. २०२४ पर्यंत लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम २३५, पोटकलम २ होते. फाशीच्या बाबतीत १९८० च्या बच्चन सिंग निकालापासून कोर्टाला हेही बघावे लागते की हा माणूस सुधारण्याची शक्यता आहे का. आणि त्या प्रश्नाच्या मागच्या दाराने पश्चात्ताप आत येतो. दिसला तर सुधारेल, नाही दिसला तर कसला सुधारतो! पण आरोपीच्या जागी उभे राहून बघा. त्याला वरच्या कोर्टात अपील करायचे आहे. मला पश्चात्ताप होतो, असे म्हणाला तर गुन्हा कबूल केला. नाही म्हणाला तर निर्ढावलेला. आणि ज्याने गुन्हा केलेलाच नाही त्याने काय करावे?

हा प्रश्न आम्ही कल्पनेने काढलेला नाही. कसारा घाट चढून वर गेलात की नाशिक जिल्हा. तिथे जून २००३ मध्ये एका कुटुंबावर भयंकर हल्ला झाला. खून झाले, बलात्कार झाले. भटक्या जमातीतल्या सहा गरीब माणसांना आरोपी केले. खालच्या कोर्टाने सहाही जणांना फाशी दिली. हायकोर्टाने तिघांची फाशी कायम केली आणि तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशी सुनावली. आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले, राज्य सरकारने प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यावी असे सांगितले. मध्ये सोळा वर्षे गेली. या सोळा वर्षांत कुणी त्यांच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप शोधला असता तर त्याला काय सापडले असते? लवलेशही नाही. बरोबरच होते, ज्याने केले नाही त्याला पश्चात्ताप कशाचा? चेहरा खरे बोलत होता. वाचणारा चुकला असता.

न्यायालयांना हे कळत नाही असे नाही. २०२२ मध्ये मनोज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, फाशीचा विचार करताना आरोपीचा मानसशास्त्रीय अहवाल, तुरुंगातली त्याची वागणूक, त्याची पार्श्वभूमी हे सगळे समोर आले पाहिजे. म्हणजे कोर्टसुद्धा आता चेहऱ्यापाशी थांबायला तयार नाही; हकिकत मागते आहे. आपल्या 'निर्ढावलेला'सारखीच. त्याआधी २५ नोव्हेंबर २०२१ रोजी शक्ती मिल प्रकरणात मुंबई हायकोर्टाने तिघांची फाशी रद्द करून जन्मठेप दिली, तेव्हा आशय असा होता की, मृत्यूने पश्चात्तापाची कल्पनाच संपते आणि या लोकांनी जन्मभर पश्चात्ताप करत राहावे. निकालावर पुष्कळ चर्चा झाली, संतापही झाला, तो समजण्यासारखा होता. आम्हाला त्यातली एक बाजू विचार करण्याजोगी वाटते. पश्चात्तापाला वेळ लागतो, हे कोर्टाने मान्य केले. 'पश्चात्' आहे ना तो! निकालाच्या दिवशी अकरा वाजता तो चेहऱ्यावर हजर असलाच पाहिजे, ही अपेक्षा कुठून आली?

आता तत्त्वज्ञानाचा माणूस असून तत्त्वज्ञांबद्दल काहीच बोललो नाही असे नको, म्हणून थोडक्यात. पश्चात्ताप हा सद्गुण आहेच, असे सगळ्यांनी मानलेले नाही. स्पिनोझा 'एथिक्स'च्या चौथ्या भागात सरळ म्हणतो की तो सद्गुण नव्हे, पश्चात्ताप करणारा दुप्पट दुःखी, दुप्पट दुबळा असतो. लगेच जोडतो की, सामान्य माणसांत तो असलेला बरा, नसल्याने नुकसान जास्त. बौद्ध परंपरा आणखी बारीक जाते. तिथे 'हिरी' आणि 'ओत्तप्प' आहेत, वाईट करण्याची लाज आणि वाईट करण्याचे भय. ते नसणे, 'अहिरिक' आणि 'अनोत्तप्प', हे प्रत्येक अकुशल चित्तात असतातच असे अभिधम्म सांगतो. पण केल्या-न केल्याची सतत कुरतडणारी रुखरुख, 'कुक्कुच्च', तिला मात्र ध्यानातल्या अडथळ्यांत टाकले आहे. म्हणजे लाज हवी, कुरतड नको. आणि याच्या उलट टोकाला आइखमन. जेरुसलेमच्या खटल्यात १९६१ साली तो म्हणाला की पश्चात्ताप ही लहान मुलांची गोष्ट आहे. त्यालाही स्पिनोझासारखेच काही सुचले असे वाटेल, पण स्पिनोझा समजून घेऊन पुढे जायला सांगत होता. आइखमन समजून घ्यायलाच तयार नव्हता. मी हुकूम पाळले, एवढेच त्याचे म्हणणे. पाप मोठ्या यंत्रात वाटले गेले होते, त्याच्या वाट्याला फक्त रेल्वेचे वेळापत्रक आले होते.

वाटले गेले, या शब्दावर जरा थांबा. आपल्याकडची वाल्याची गोष्ट तुम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे. प्रत्येक खुनामागे एक खडा, असे सात रांजण भरले. खडे मोजणारा माणूस विसरभोळा नव्हे, त्याला आपण काय करतो हे चोख ठाऊक होते. तरी टोचत नव्हते. का? नारदाने त्याला तू दुष्ट आहेस असे सांगितले नाही. चेहरा वाचला नाही. त्याने एक हिशेबाचा प्रश्न विचारला: हे ज्यांच्यासाठी करतोस ते या पापात वाटेकरी आहेत का? जा, विचारून ये. वाल्या घरी गेला, बायकापोरे नाही म्हणाली. सगळे पाप एकट्याच्या अंगावर आले आणि मग टोचले. आम्हाला ही गोष्ट निर्ढावण्याबद्दल सांगितलेल्या गोष्टींत सर्वांत खोल वाटते. वाल्याला काळीज नव्हते असे ती म्हणत नाही. त्याचा वाटणीचा हिशेब चुकला होता, असे म्हणते. माणूस निर्ढावतो तो बहुधा असा, पाप वाटून टाकून.

आणि वाटून टाकायला सर्वांत सोपी जागा म्हणजे संस्था, खाते, शहर. इथे शहापुरात हे सांगायला नको. १८९२ पासून तानसाचे पाणी मुंबईला जाते. भातसा तुमच्या तालुक्यात, मुंबईच्या पाण्याचा सर्वांत मोठा स्रोत. आणि दर उन्हाळ्यात याच तालुक्याच्या पाड्यांवर टँकरची वाट बघत बायका हंडे रांगेत लावतात. मुंबईच्या चेहऱ्यावर पश्चात्तापाचा लवलेशही नाही, असे वाक्य तुम्ही कधी वाचलेत? वाचणार नाही, शहराला चेहरा नसतो. अंधेरीत नळ उघडणाऱ्या माणसाने काही चूक केलेली नाही, पाणीखात्याच्या इंजिनिअरनेही नाही. प्रत्येकाच्या वाट्याला खडा इतका लहान आलाय की रांजणात टाकायचे कुणाच्या लक्षातच येत नाही. ऑगस्ट २०२३ च्या पहिल्या पहाटे सरळांब्याला समृद्धी महामार्गाच्या पुलाचे गर्डर बसवणारे यंत्र कोसळले. २० माणसे गेली, आपल्या तालुक्यात, आपल्यापासून काही किलोमीटरवर. अशा प्रसंगी भाषा कशी होते बघा. 'दुर्घटना घडली.' 'जीवितहानी झाली.' घडली, झाली. कर्ता नाही, म्हणून कुणाला टोचायचा प्रश्न नाही. कोर्टातल्या एकट्या माणसासाठी चेहऱ्यापर्यंत जाणारी आपली मराठी इथे कर्त्यापर्यंतसुद्धा जात नाही.

बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञाने १९७६ च्या एका निबंधात ट्रकवाल्याचे उदाहरण दिले आहे. आपल्या नाशिक हायवेवर ते सहज पटेल. ट्रकवाल्याची काही चूक नाही, पोर अचानक आडवे आले आणि गेले. बघणाऱ्या सगळ्यांना हळहळ वाटते. पण ट्रकवाल्याला जे वाटते ते हळहळीपेक्षा वेगळे असते, आणि वेगळेच असायला हवे, असे विल्यम्स म्हणतो. त्याने तुमची-आमची हळहळ वाटून घेऊन गाडी सुरू केली तर आपण दचकू. दोष नसताना टोचणी. मराठीत याला आम्हाला एक नेमका शब्द सापडत नाही, 'चुटपुट' फार हलकी, 'पश्चात्ताप' फार जड. पण आजही शहापूर-आसनगाव पट्ट्यात असे ड्रायव्हर आहेत की वर्षानुवर्षे त्या वळणावर आले की गाडी हळू करतात. त्यांच्या चेहऱ्यावर काही नसते. पाय ब्रेकवर असतो.

गेल्या महिन्यात मुरबाडला हाच विषय मांडला तेव्हा एका शिक्षिकाबाईंनी विचारले होते, "सर, मग बातमीदाराने लिहायचं तरी काय? काहीच लिहू नये का? ज्यांचं माणूस गेलं ते कोर्टात बसलेले असतात, त्यांना तो चेहरा बघवत नाही." प्रश्न रास्त होता, आणि त्या दिवशी आम्ही उत्तर नीट दिले नाही. ज्यांचे माणूस गेले त्यांनी म्हणावे. "त्याला काहीच वाटत नाही," असे आई म्हणाली तर ते तिच्या नावाने, तिच्या शब्दांत छापावे. तो तिचा हक्क आहे आणि ती बातमीही आहे. बातमीदाराने आपल्याला दिसले ते लिहावे. निकाल वाचत असताना आरोपी कठड्याला हात टेकून उभा होता. मराठीतून काय ते सांगा, असे तो एकदा म्हणाला. शिक्षा सांगितल्यावर त्याने पाणी मागितले, आणि बाहेर नेताना मागे बसलेल्या म्हाताऱ्या बाईकडे वळून बघितले. ती त्याची आई होती की आणखी कोण, हे विचारून घ्यावे, आणि तेही लिहावे.